सड्यावरची वीज

पाटणच्या स्टँडजवळच्या कट्ट्यावर काल चांगलीच जुंपली. निमित्त सूर्यघर योजनेचं. आमच्यातल्या धाकट्यानं घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, ७८ हजार अनुदान मिळालं. "आता माझ्या घरापुरता तरी कोळसा जळत नाही," तो म्हणाला.

आबा उसळले. "कोयनेनं कधी कोळसा जाळला रे? १९६० मेगावॅट, ना धूर ना राख! आमची शाळेची सहल धरणावर गेलेली, तेव्हा उर भरून आला होता."

"आणि धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावं?" मास्तर म्हणाले. त्यांचं मूळ गाव त्यातलंच. "वडिलांना दूर सोलापूरकडं जमीन दाखवली. भात लावणारा माणूस, ते कोरडं रान बघून माघारी आला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा चौथरा उघडा पडायचा. आई तिथं नारळ ठेवून यायची."

तात्यांची पिठाची गिरणी. "भारनियमनात दळणाचे डबे रांगेनं पडून असायचे. वीज कशापासून येते, हे तेव्हा कोण विचारत होतं? वनकुसवड्याच्या सड्यावर, त्या उंच पठारावर, पवनचक्क्या आल्या, तेव्हा आम्हाला आनंदच झाला."

"सड्यावरच्या जमिनी कवडीमोलानं गेल्या, ते?" मास्तरांनी विचारलं. तात्या गप्प राहिले.

धाकटा हटेना. हवामान बिघडतंय, पाऊस वेळेवर नाही, वाट बघत बसायला वेळ कुठाय? त्याची तळमळ खरी आहे आणि माझ्या मते त्याचं बरोबरही आहे. पण सूर्य मावळल्यावर काय? त्यासाठी आता सह्याद्रीत उदंचनाचे प्रकल्प येऊ घातलेत. एक तळं डोंगरावर, एक पायथ्याला. दिवसा वीज वापरून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून जनित्रं फिरवायची. म्हणजे पुन्हा डोंगर, पुन्हा रान, पुन्हा खोऱ्यातलीच माणसं. वीज स्वच्छ आहे म्हणून जमीन स्वस्तात मागायचा हक्क कुणाला मिळत नाही, हे मी तिथंच ठणकावून सांगितलं. आबांना ते रुचलं नाही. "मग देश अंधारात ठेवायचा का?" ते म्हणाले. अंधारात कुणीच ठेवू नये, पण कोयनेच्या धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी भांडतेय, हेही आबांनी बघावं.

"ग्रामसभेला येशील का?" मास्तरांनी धाकट्याला विचारलं.

"येतो. पण विरोधच करायचा, असं आधीच ठरवून नाही."

"नको ठरवूस. वरचं तळं किती हेक्टरचं आणि त्यात कुणाचे सातबारे जातात, एवढं नकाशावर बघून ये."