मिक्सरमध्ये मायक्रोइमल्शन बनत नाही

दोन चमचे खोबरेल, अर्धी वाटी गुलाबजल, चमचाभर कोरफडीचा गर, मिक्सरमध्ये तीन मिनिटं. 'घरगुती मायक्रोइमल्शन सीरम' तयार, असा संदेश ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. मायक्रोइमल्शन म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात टिकून राहिलेलं पारदर्शक मिश्रण. त्यातले दावे एकेक करून पाहू.

'तीन मिनिटांत मायक्रोइमल्शन तयार'

मिक्सरमधून निघतं ते दुधाळ मिश्रण. त्यातले तेलाचे थेंब काही मायक्रोमीटरचे असतात, ते प्रकाश विखुरतात, म्हणून पांढरं दिसतं. मायक्रोइमल्शनचे थेंब साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). ते पाण्यासारखं आरपार दिसतं, फार तर निळसर झाक असते. शिवाय ते जोर लावून बनत नाही. घटकांचं प्रमाण जुळलं तर चमच्याने ढवळूनही बनतं. नाही जुळलं तर मिक्सरची मोटर जळेपर्यंत फिरवा, उपयोग नाही.

कारण साध्या हिशेबात आहे. दोन चमचे म्हणजे 10 मिली तेल. त्याचे 10 मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 6 चौरस मीटर भरतो. तेच थेंब 50 नॅनोमीटरचे केले तर 1,200 चौरस मीटर. एवढा पृष्ठभाग झाकायला भरपूर सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-पाणी जुळवून ठेवणारा साबणासारखा पदार्थ, हवा, आणि या कृतीत तो नाहीच. कोरफडीचा गर पाणी थोडं दाट करतो, त्यामुळे तेल वर यायला जरा उशीर लागतो, इतकंच. बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी पंचाईत: खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, कणी धरतं आणि मिश्रण फाटतं.

'यात केमिकल नाही'

खरं मायक्रोइमल्शन करायला बसलात तर साध्या क्रीमपेक्षा कितीतरी जास्त 'केमिकल' लागेल. प्रयोगशाळेत ते असं करतात: पॉलिसॉर्बेट 80 हा सर्फॅक्टंट आणि त्याला मदत करणारा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा सहायक 2:1 प्रमाणात मिसळायचा. हे मिश्रण आणि तेल 9:1 पासून 1:9 पर्यंत वेगवेगळ्या प्रमाणांत घेऊन प्रत्येकात पाणी थेंबथेंब घालायचं आणि कुठे पारदर्शक राहतं, कुठे गढूळ होतं याची नोंद करायची. वाटेत मिश्रण एकदम जेलसारखं घट्ट होऊ शकतं. इथे बरेच जण बिघडलं म्हणून ओतून देतात; खरं तर ती लिक्विड क्रिस्टलची, म्हणजे रेणू ओळीने रचले गेल्याची, अवस्था असते, आणखी पाणी घातलं की बहुधा पुन्हा पातळ होते. मग नमुने 4 आणि 45 अंशांना आलटून पालटून ठेवून पाहायचे, कारण पॉलिसॉर्बेटसारखे सर्फॅक्टंट तापले की पाणी सोडतात आणि गढूळपणा येतो.

एवढं करून सर्फॅक्टंटचं प्रमाण सहज 20 ते 30 टक्क्यांवर जातं. त्यात अख्खं खोबरेल किंवा तिळाचं तेल नीट बसतही नाही, कारण तेल ज्यांचं बनलेलं असतं ती मोठ्या रेणूंची ट्रायग्लिसराइडं हट्टी असतात. आयसोप्रॉपिल मिरिस्टेट हा हलका तेलकट पदार्थ किंवा खोबरेलापासून वेगळं काढलेलं, लहान रेणूंचं एमसीटी तेल सोपं जातं.

'तेल त्वचेच्या सातव्या थरापर्यंत जातं'

थेंब लहान म्हणून अख्खा आत शिरतो, असं होत नाही. त्वचेच्या बाहेरच्या थरातल्या पेशींमधली फट फारच अरुंद असते. सर्वसाधारणपणे 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू तो थर ओलांडत नाहीत. खोबरेलातलं ट्रायलॉरिन हे ट्रायग्लिसराइड 639 डाल्टनचं आहे. मायक्रोइमल्शनमधून काही घटक जास्त आत जातात हे खरं, पण त्याचं एक मोठं कारण म्हणजे सर्फॅक्टंट त्वचेचं कवच सैल करतो. रोज चेहऱ्यावर ठेवून द्यायच्या वस्तूत हा गुण म्हणायचा का?

'व्हिटॅमिन ई घातलं की सहा महिने टिकतं'

हा दावा सगळ्यांत धोक्याचा. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. त्यातही औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल अॅसिटेट हे व्हिटॅमिन ईचं बदललेलं रूप असतं, आणि ते बाटलीत अँटिऑक्सिडंटचं काम करत नाही. पाणी आणि कोरफड आली की जंतुरोधक हवाच: फिनॉक्सिएथेनॉल जास्तीत जास्त 1 टक्का, किंवा पीएच 5 च्या खाली ठेवून सोडियम बेंझोएट. जास्त पॉलिसॉर्बेट असेल तर तो पॅराबेनसारख्या जंतुरोधकाला स्वतःत ओढून निकामी करतो, हे वेगळंच.

मग घरी काय करावं? चेहऱ्याला तेल हवं असेल तर आंघोळीनंतर ओल्या त्वचेवर करडईच्या तेलाचे तीन-चार थेंब चोळा. पाणी नाही, म्हणून जंतुरोधकाची गरज नाही. फेसमिस्टला सुगंध हवा असेल तर 0.3 ग्रॅम लॅव्हेंडर तेल आधी 2 ग्रॅम पॉलिसॉर्बेट 20 मध्ये एकजीव करा, मग थोडं थोडं पाणी घालत एकूण 100 ग्रॅम करा. क्रम उलटा केलात तर गढूळच राहील. यातही जंतुरोधक लागेलच.