शेवटचं पोर येईपर्यंत कमान उभी ठेवा

रविवारी आमच्या साताऱ्यात लहान मुलांची तीन किलोमीटरची फन रन झाली. माझी लेक तिसरीत आहे, पहिल्यांदाच पळाली. दोन दिवस झाले तरी त्या सकाळचं एक दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

पंधरा दिवस ती बाबांबरोबर रोज पहाटे शाहू स्टेडियमवर जात होती. आदल्या रात्री टी-शर्टला चेस्ट नंबर तिनेच लावला. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. एक तिरकी लागली, तर काढून पुन्हा लावली. मग टी-शर्ट घडी करून उशाशी ठेवला आणि मला बजावलं, "आई, पाचला उठव हं. साडेपाच नाही, पाच."

वेळ साडेसहाची होती. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला आणि मुलं थंडीत कुडकुडत उभी राहिली. झेंडा दाखवला तेव्हा सात वाजायला पाच मिनिटं होती. भाषणात पाहुणे म्हणाले, उद्याची ललिता बाबर (आपल्या जिल्ह्याची ऑलिंपिक धावपटू) याच मुलांमधून घडणार. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

लहान मुलं पळतात कशी, हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना सांगायला नको. सुटल्यासुटल्या जीव खाऊन पळायचं, बरगडीखाली कळ आली की पोट धरून थांबायचं, थोडं चालायचं, की पुन्हा सुसाट. मोठ्यांसारखा वेग राखून पळणं त्यांना जमत नाही आणि जमायलाही नको. माझ्या लेकीचंही तेच झालं. शिवाय वाटेत तिच्यापेक्षा लहान एका मुलाचा बूट निघाला. त्याला लेस बांधता येईना, म्हणून ही रस्त्याकडेला बसून गाठ मारत बसली. पोवई नाक्यावर बंदोबस्ताला असलेल्या पोलीस मावशींनी दोघांना टाळ्या वाजवून पुढे धाडलं, "चला रे बाळांनो, थोडंच राहिलंय!" हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्या मावशींचे आभार कसे मानू?

बराच वेळ झाला तरी पोरगी दिसेना, म्हणून मी उलटी चालत गेले. शेवटच्या वळणाजवळ दोघं भेटली. गाल लाल झालेले, पण चेहरे फुललेले. समोर दोनशे-तीनशे मीटरवर शर्यत संपते तिथली, पंख्याने हवा भरलेली निळी कमान दिसत होती. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती एका बाजूने बसायला लागली. कुणीतरी पंखा बंद केला होता.

"आई, कमान पडतेय!"

असं ओरडून ती जी पळत सुटली, तशी सगळ्या वाटेत पळाली नसेल. रडत पळत होती. मागून तो बूटवाला छोटा. पोचली तेव्हा कमान जमिनीवर सपाट पडली होती आणि दोन मुलं तिची घडी घालत होती. ही त्या कापडाच्या कडेला उभी राहिली. ओलांडू की नको, हेच तिला कळेना. माईकवरून रस्ता मोकळा करायला सांगत होते. पाण्याचे जार रिकामे. मेडलबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ताई, संपली."

नंतर कळलं, साडेसातला रस्ता वाहतुकीला खुला करायचा होता. म्हणजे हिशोब बघा. पाहुण्यांच्या उशिराची पंचवीस मिनिटं कुणाच्या वाट्यातून गेली? बक्षीस मिळवणाऱ्या मुलांच्या नाही, ती केव्हाच पोचली होती. ती गेली शेवटच्या चाळीस-पन्नास पोरांच्या वाट्यातून. फी मात्र सगळ्यांनी सारखीच भरली होती.

आणि ललिता बाबरचं नाव घेतलंच आहे, तर माण तालुक्यातल्या मोहीच्या या लेकीचं 2016 सालही आठवा. रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत ती दहावी आली. 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय बाई. आपल्या अख्ख्या जिल्ह्याने त्या दहाव्या नंबरचा अभिमान बाळगला आणि तो योग्यच होता. मग आठ वर्षांच्या पोराला आपण पहिल्या तिनाचीच किंमत का शिकवतोय?

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिचा मुलगा तिथे दर रविवारी ज्युनिअर पार्करनला जातो. चार ते चौदा वयाची मुलं, दोन किलोमीटर, फी नाही. पार्करनची सुरुवात 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या तेरा धावकांनी झाली. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो. शेवटचा नंबर त्याचा, त्यामुळे पळायला आलेलं कुणीच शेवटचं ठरत नाही. तो पोचल्याशिवाय आवराआवर करायची नाही. याला पैसा लागत नाही, मोठं ग्राउंड लागत नाही. एक माणूस लागतो.

आपल्याला हे जड नाही. यवतेश्वरचा घाट पळत चढायला दरवर्षी बाहेरगावाहून हजारो लोक साताऱ्यात येतात, आणि अख्खं गाव रस्त्यावर उतरून अनोळखी माणसांना पाणी देतं, टाळ्या वाजवतं. तेच प्रेम आपल्या पोरांच्या वाट्याला का नको?

मी आयोजकांना फोन केला. भांडले नाही. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं, चूक मान्य केली. मी तीनच गोष्टी मागितल्या. पाहुणे आले नाहीत तरी वेळेवर सोडा. जेवढे चेस्ट नंबर तेवढी मेडल मोजून बाजूला ठेवा. आणि शेवटचं पोर आत येईपर्यंत पंखा बंद करू नका.

लेकीने तिचा चेस्ट नंबर कपाटाच्या दाराला चिकटवलाय, त्याच चार पिनांसकट. काल रात्री विचारत होती, त्या छोट्याला तरी मेडल मिळालं का गं?

पुढच्या वर्षी सगळ्यांच्या मागून मी चालणार आहे, तसं आयोजकांना सांगून ठेवलंय. मोठा घोळका असतो, एकटीला पुरणार नाही. अजून तिघं-चौघं हवेत. साताऱ्यातलं कुणी येणार असेल तर खाली लिहा. पाण्याच्या बाटल्या मी आणते.