दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पाणी एप्रिलचं, फोटो मार्चचे

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू आला तेव्हा नवा ग्रुप पाण्यात होता, त्यामुळे उत्तराला चार दिवस लागले. त्याबद्दल आधी माफी मागते.

बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सर आमच्याकडे, उत्तर नॉर्वेत बोडोजवळच्या साल्टस्ट्राउमेनला, सहा दिवसांच्या अंडरवॉटर फोटोग्राफी ट्रिपला आले होते. त्यांच्या तक्रारी अशा: पाणी हिरवंगार आणि गढूळ होतं. फोटोंवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला. दोन दिवस कॅमेऱ्याच्या हाऊसिंगला (पाण्यात कॅमेरा ठेवायच्या बंद डब्याला) आतून वाफ धरली. हातमोज्यात पाणी शिरलं. एक डायव्ह ऐनवेळी रद्द झाली. गाईडने लांडगामाशाजवळ त्यांचा हात धरून मागे ओढलं. आणि आमच्या वेबसाइटवरचे निळेशार फोटो म्हणजे "सरळसरळ फसवणूक" आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला, आणि त्यात तथ्य आहे.

वेबसाइटवरचे सगळे फोटो आमच्याच पाण्यातले आहेत, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेले आहेत. हिवाळ्याच्या शेवटी इथलं पाणी काचेसारखं असतं. बोटीची सावली खाली तळावर दिसते. मग दिवस मोठा होतो, हिवाळ्यातल्या वादळांनी खालून वर ढवळून आणलेली पोषणद्रव्यं पाण्यात तयारच असतात, आणि ऊन मिळाल्याबरोबर सूक्ष्म वनस्पती-प्लवक उसळतं. काही दिवसांत पाणी हिरवं होतं. दरवर्षी होतं, आम्हाला ठाऊक असतं. तरी एप्रिलच्या ट्रिपच्या पानावर आम्ही मार्चचे फोटो लावले आणि "या महिन्यात पाणी हिरवं असेल" ही ओळ कुठेही लिहिली नाही. लिहिली असती तर तुम्ही कदाचित मार्चमध्ये आला असतात, किंवा वेगळ्या लेन्स घेऊन आला असतात. चूक आमची आहे. ते पान आता बदललं आहे.

मात्र "गढूळ पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं" हे मला मान्य नाही. साल्टस्ट्राउमेन ही सामुद्रधुनी जेमतेम 150 मीटर रुंद आणि सुमारे 3 किलोमीटर लांब. दर सहा तासांनी तिच्यातून साधारण 40 कोटी घनमीटर पाणी ये-जा करतं. जोरात असताना प्रवाहाचा वेग 20 नॉटपर्यंत (ताशी सुमारे 37 किलोमीटर) जातो असं सांगतात. खडकाला चिकटलेल्या मऊ प्रवाळांची आणि समुद्रफुलांची इतकी दाटी इथे आहे ती याच कारणाने: त्यांना जागेवर बसून ताट वाढून मिळतं. तुमच्या फोटोतले पांढरे ठिपके म्हणजे त्या ताटातलंच अन्न.

आता त्या ठिपक्यांबद्दल. पहिले तीन दिवस तुम्ही फिशआय लेन्स (खूप रुंद दृश्य टिपणारी) लावून दीड-दोन मीटरवरून फोटो काढत होता, आणि दोन्ही स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) हाऊसिंगला खेटून होते. लेन्स आणि विषय यांच्यामध्ये जेवढं पाणी, तेवढे कण. स्ट्रोब लेन्सच्या शेजारी असला की त्या मधल्या प्रत्येक कणावर उजेड पडतो आणि तो थेट परत येतो. यावर उपाय दोनच: स्ट्रोबचे हात लांब पसरून तोंडं जरा बाहेरच्या बाजूला वळवायची, आणि विषयाच्या इतकं जवळ जायचं की मध्ये पाणीच उरू नये. आमच्या गाईडने हे पहिल्या रात्री सांगितलं होतं. पण रात्री साडेनऊला, दिवसभर थंडीत कुडकुडलेल्या माणसांना सांगितलेलं किती लक्षात राहणार? ते सकाळी, बोटीवर, कॅमेरा हातात असताना सांगायला हवं होतं.

हाऊसिंगमधल्या वाफेचा दोष तर संपूर्ण आमच्या पदरात घाला. कॅमेरे जोडायचं टेबल आम्ही ज्या खोलीत ठेवलं होतं, तिच्या शेजारीच ड्रायसूट (थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारे सूट) वाळवायची खोली आहे. दार कायम उघडं, हीटर चालू, आणि ओल्या सुटांची ऊबदार दमट हवा थेट टेबलावर. तीच हवा हाऊसिंगमध्ये बंद करून तुम्ही पाच अंशांच्या आसपासच्या पाण्यात उतरलात. काचेवर दव धरणारच. सिलिका जेलच्या दोन पुड्या त्यापुढे काय करणार? तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी टेबल उचलून मागच्या थंड, कोरड्या शेडमध्ये हलवलं. तिथे बोटं आखडतात अशी नवी तक्रार सुरू झाली आहे, पण काचा स्वच्छ राहतात.

रद्द झालेली डायव्ह. इथे पाण्यात उतरायचं ते प्रवाह पालटताना, मध्ये जो थोडा वेळ पाणी थांबतं तेवढ्यातच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ती फट जरा मोठी असते, उधाणाला अगदीच चिंचोळी. त्या दिवशी उधाण होतं, आणि हवेच्या दोन टाक्या भरायच्या राहिल्यामुळे बोट पंधरा मिनिटं उशिरा निघाली. तो उशीर आमचा. पण जागेवर पोचलो तेव्हा केल्पची (मोठ्या समुद्री शेवाळाची) पानं सगळी एका दिशेला आडवी झाली होती, म्हणजे पाणी आधीच पालटून चालू लागलं होतं. तुम्ही लिहिलंय, "पाणी शांत दिसत होतं, दहा मिनिटं तरी सोडायचं." वरून शांतच दिसतं. खाली कॅमेऱ्यासकट माणूस खडकावरून सुटला की मग काय होतं ते मी इथे रंगवून सांगत नाही. गाईडने नाही म्हटलं ते बरोबर होतं, आणि पुढच्या वेळीही तो नाहीच म्हणेल. पैसे मात्र आम्ही परत करायला हवे होते, कारण वेळ आमच्यामुळे चुकली.

लांडगामासा. इथली माणसं त्याला स्टाइनबीट म्हणतात, म्हणजे दगड चावणारा. समुद्री साळी (काटेरी सी-अर्चिन) आणि खेकडे कवचासकट फोडून खाणाऱ्या जबड्याला ते नाव शोभतं. कपारीतून फक्त त्याचं सुरकुतलेलं, वैतागलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड बाहेर होतं, आणि संपूर्ण मासा फ्रेममध्ये यावा म्हणून तुम्ही काठीने त्याला ढोसायला निघालात. गाईडने हात धरला. हा उद्धटपणा वाटला असेल, पण तोंडात रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) असताना माणूस "अहो, जरा थांबता का" कसं म्हणणार? काही ठिकाणी समुद्री साळ फोडून दाखवतात आणि माशाला बाहेर बोलावतात. आम्ही तेही करत नाही. 2013पासून हा संरक्षित सागरी भाग आहे. शिवाय तुमच्या मागे आणखी चार जण त्याच तोंडाची वाट बघत होते. इथे मी माफी मागणार नाही.

हातमोज्यात पाणी शिरलं, त्याबद्दल: हातमोजा ड्रायसूटला जोडणाऱ्या कड्याखाली आतल्या स्वेटशर्टचा धागा अडकला होता. तो उतरण्याआधी तपासणं आमचं काम.

चौथ्या दिवसाचा मात्र तुमच्या रिव्ह्यूत उल्लेखच नाही. प्रवाहापासून लांब, आतल्या शांत खाडीत गेलो होतो. तुम्ही कंटाळून मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) लावली होती. सात मीटरवर केल्पच्या मुळाशी लम्पसकर माशाचा नर बसला होता, विणीच्या हंगामातला, विटकरी लाल, पोटाखालच्या चकतीने दगडाला चिकटलेला. मादी अंडी घालून निघून जाते. हा दीड-दोन महिने तिथेच बसून अंड्यांवर पाणी फुंकत राहतो. तुम्ही वीतभर अंतरावर पोटावर पडून बावीस मिनिटं त्याच्यासमोर होता. गाईडने घड्याळ लावलं होतं, कारण तुमच्या बोटांची त्याला काळजी होती. संध्याकाळी तुम्ही तो फोटो सगळ्यांना दाखवलात: डोळ्यातली सोनेरी कडा, मागे अंड्यांचा गोळा, सगळीकडे तेच हिरवं पाणी, आणि पांढरा ठिपका एकही नाही.

रद्द डायव्हचे आणि भाड्याने घेतलेल्या ड्रायसूटचे पूर्ण पैसे आज सकाळी तुमच्या कार्डावर परत पाठवले आहेत, नॉर्वेजियन क्रोनरमध्ये. बँक दोन-तीन दिवस घेईल. संपूर्ण ट्रिपचे पैसे तुम्ही मागितलेत, ते देणार नाही. पाच दिवस बोट, गाईड, टाक्या, जेवण सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

आणि एक विनंती. एप्रिलच्या पानावरून मार्चचे फोटो काढल्यापासून वरची जागा रिकामी आहे. लम्पसकरचा तो फोटो तुमच्या नावासकट तिथे लावू दिलात, तर मूळ फाइल पाठवाल का? योग्य ते मानधन देऊ. तुमचे दोन स्टार आहेत तसेच राहिले तरी चालेल.