परतीचे यार्ड

आमच्या फँटसी फुटबॉल लीगचा मी कमिशनर झालो, हे साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "गाडी देतात का रे?" मी खेळ समजावून सांगेपर्यंत तिने आळीत पेढे वाटून टाकले होते. पालिकेचा कमिशनर की पोलिसातला, हे तिने मुद्दामच मोघम ठेवलं असावं. खरं म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी जसा निवडला जातो तसाच मी निवडला गेलो होतो. ज्या बैठकीत निवड झाली, त्या बैठकीला मी नव्हतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणारे आम्ही दहा जण. डोंबिवलीकर, कोल्हापूरकर, नागपूरकर, दोन गुजराती बंधू, एक हैदराबादी, कॉलेजात शिकणारा भाचा, माझ्या ऑफिसातला एक साठीचा अमेरिकन सहकारी, मी आणि माझी बायको. बायकोला आम्ही आकडा पुरा करायला घेतलं होतं. नऊ जणांची लीग चालत नाही, एक संघ दर आठवड्याला रिकामा बसतो. "मला त्यातलं काही कळत नाही," असं म्हणून ती आली, पहिल्याच वर्षी दुसरी आली आणि तिच्या संघाचं नाव आहे 'घरचा आहेर'.

खेळ तसा सोपा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू लिलावातल्यासारखे वाटून घ्यायचे, रविवारी ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्या खात्यात. पळून किंवा झेल घेऊन दहा यार्ड गेला की एक गुण, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे, सहा. फँटसी क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. घोळ सुरू होतो तो 'स्पेशल टीम्स', म्हणजे लाथ मारण्या-झेलण्याच्या वेळची पलटण, या खात्यापाशी.

समोरचा संघ लाथेने चेंडू आभाळात उडवतो. इकडे एक जण खाली उभा राहून तो झेलतो आणि समोरून अंगावर धटिंगण चालून येत असताना त्यांच्याच दिशेने पळत सुटतो. याला रिटर्न म्हणतात. खेळ सुरू करताना मारलेली लाथ म्हणजे किकऑफ, चेंडू पुढे नेता येईना म्हणून नाइलाजाने मारलेली म्हणजे पंट. कबड्डीत सात जणांच्या कोंडाळ्यात घुसणारा चढाईपटू निदान दम तरी घेऊन जातो, याला तीही सवलत नाही. आणि एवढं करून तो जे यार्ड कापतो, त्याचे बहुतेक फँटसी लीगमध्ये गुण किती? शून्य. शेवटपर्यंत पोचला तर टचडाउनचे सहा. नव्वद यार्ड पळून रेषेच्या अलीकडे पाय घसरला तर भोपळा. क्रिकेटमधला लेगबायच हा. चेंडू मांडीवर बसतो फलंदाजाच्या, कळ येते फलंदाजाला, आणि धाव लागते अवांतरात.

या अन्यायाविरुद्ध माझ्या मनात फार जुनी खदखद होती. १९ डिसेंबर २०१० चा रविवार. इथूनच अर्ध्या-पाऊण तासावर, न्यू मेडोलँड्स स्टेडियममध्ये जायंट्स आणि ईगल्स या एनएफएल संघांचा सामना चालला होता. ईगल्स ३१-१० असे मागे होते, शेवटच्या आठेक मिनिटांत त्यांनी ३१-३१ केलं. शेवटच्या काही सेकंदांत जायंट्सनी पंट मारला. ईगल्सच्या डीशॉन जॅक्सनच्या हातून चेंडू आधी सुटला. त्याने तो उचलला आणि पासष्ट यार्ड पळत नेला. वर गोलरेषेपाशी पोचल्यावर लगेच आत न जाता घड्याळ संपावं म्हणून रेषेला समांतर पळत राहिला! ३८-३१. आम्ही एका मित्राच्या बेसमेंटमध्ये खुर्च्यांवर चढलो होतो. जॅक्सन माझ्या संघात होता. मला सहा मिळाले. पासष्ट यार्डांचं काही नाही. मी त्या वेळच्या कमिशनरला फोन केला, तर तो म्हणाला, "नियम वाच."

तर २०२५ साली नियम माझ्या हातात आले. ३० ऑगस्ट, शनिवार. आमच्या पाच दिवसांच्या गणपतीतला चौथा दिवस. संध्याकाळची आरती आटोपली, मोदक संपले आणि ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या, आधीची सर्वसाधारण सभा हॉलमध्येच भरली. 'कमिशनरांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात डोंबिवलीकरांनी ठराव मांडला: रिटर्नच्या दर पंचवीस यार्डांना एक गुण.

डोंबिवलीकर तयारीनिशी आले होते. "डॅरेन स्प्रोल्स घ्या," ते म्हणाले. "२०११ साल, सेंट्स संघ. एका मोसमात २,६९६ यार्ड, एनएफएलचा विक्रम. त्यातले १,०८९ किकऑफ रिटर्नचे, २९४ पंट रिटर्नचे. म्हणजे निम्म्याहून जास्त घामाला आपण दमडी देत नव्हतो! पंचवीसला एक धरला तर पंचावन्न गुण होतात, पंचावन्न." मग त्यांनी डेव्हिन हेस्टरला उभं केलं. २००७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, पहिल्याच किकऑफवर ब्याण्णव यार्ड पळून टचडाउन करणारा, आणि २०२४ मध्ये फुटबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. हॉल ऑफ फेमला रिटर्नची किंमत कळते आणि एडिसनला कळत नाही, असा एकूण सूर होता.

डोंबिवलीकरांची ही तळमळ पाहून हेलावलेल्या मला तासाभराने कळलं, की ड्राफ्टमध्ये उचलायच्या दोन रिटर्नरांची नावं त्यांनी आधीच प्रसादाच्या द्रोणावर लिहून ठेवली होती.

कोल्हापूरकरांनी खोडा घातला. "समजा त्यानं चेंडू आपल्याच एंड झोनमध्ये, म्हंजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, पाच यार्ड आत झेलला. तिथंच गप बसला तर त्याच्या संघाला चेंडू आपल्या गोलरेषेपासून पस्तिसाव्या यार्डावर फुकट मिळतोय. पण ह्यो गडी उठतोय, पळतोय आणि विसाव्या यार्डावर आडवा होतोय. संघाचं पंधरा यार्डाचं नुकसान, आणि ह्याचे मोजले पंचवीस यार्ड. तुम्ही त्याला एक गुण देणार? कशाबद्दल? पराक्रमाबद्दल?"

हे बिनतोड होतं, म्हणून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे गेलो.

पुढचा मुद्दा अमेरिकन सहकाऱ्याने काढला. फँटसीत प्रत्येकाकडे खेळाडू असतात तसा एका खऱ्या संघाचा अख्खा बचाव आणि स्पेशल टीम असा एक जोड असतो. मग रिटर्नचे यार्ड पळणाऱ्या खेळाडूला लावायचे, की त्या जोडाला, की दोघांना? नागपूरकर सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेल्या बापाचे चिरंजीव. ते ताडकन उठले. "एका तिकिटावर दोघं टीए-डीए उचलतील का? हे तर दुबार देयक होऊन राहिलं!" हैदराबादी म्हणाला, टचडाउनचे दोघांना देतोच की, मग यार्डांनीच काय घोडं मारलंय. त्यानंतर दीड तास काय झालं ते इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त लिहिणारा भाचा झोपला.

शेवटी मी कमिशनरचा अधिकार वापरला. कलम सात-ब: रिटर्नच्या पंचवीस यार्डांना एक गुण, दोघांनाही, आणि दशांश चिन्हासकट. दशांशाचा हट्ट माझाच. चोवीस यार्ड पळणाऱ्याला शून्य आणि पंचवीसवाल्याला एक, हे मला पटेना. आमच्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती, त्यांच्या नातवाने गुण मोडून द्यायला काचकूच करावी? एका यार्डाला ०.०४. हा आकडा नंतर माझ्या मुळावर यायचा होता.

एवढा उदार मी का झालो, तेही सांगून टाकतो. माझ्या डोक्यात जुनं गणित होतं. २०२३ च्या मोसमात शंभरातल्या जेमतेम बावीस किकऑफ कुणी परत आणल्या होत्या, बाकी सगळ्या फुकट जात होत्या. म्हटलं, मेलेल्या म्हशीच्या दुधावर कर बसवला काय आणि माफ केला काय! पण या म्हशीवर एनएफएलचे उपचार चालू होते. २०२४ मध्ये त्यांनी किकऑफची मांडणीच बदलली, दोन्हीकडची माणसं पाच-दहा यार्डांवर समोरासमोर आणून उभी केली. तरीही बरेच जण चेंडू सरळ एंड झोनमध्ये मारत होते. म्हणून २०२५ साठी अशा फुकट चेंडूची जागा तिसाव्या यार्डावरून पस्तिसाव्यावर नेली. एवढं मैदान आंदण देण्यापेक्षा पळू दे त्याला, असा हिशेब मग सगळ्यांनी केला. हा बदल वसंतातच जाहीर झाला होता. कोल्हापूरकर सभेत 'पस्तिसावा' म्हणाले तेव्हा तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी शेवटचा मोदक कुणी खाल्ला ते बघत होतो.

सप्टेंबरात तिकडे परतीचा पाऊस आणि इकडे परतीचे यार्ड, दोन्ही एकदमच सुरू झाले. ज्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नसतील असे रिटर्नर रविवारी चार-चार, पाच-पाच वेळा पंचवीस यार्ड पळून माझ्या तिसऱ्या फेरीत घेतलेल्या रिसीव्हरच्या तोंडात मारू लागले. डोंबिवलीकर पहिल्या नंबरावर गेले आणि फोनवर मला 'साहेब' म्हणू लागले.

पण खरी मेख होती जोडाला दिलेल्या यार्डांत. आमच्याकडे बचावाने समोरच्याला जितके कमी गुण दिले तितके त्याला जास्त. एकही दिला नाही तर दहा, आणि पायरी-पायरीने उतरत पस्तीस किंवा त्याहून जास्त दिले तर उणे चार. त्याखाली पायरी नाही. आता नीट बघा. टचडाउन खाल्ला की लगेच समोरचा संघ किक मारतो, ती परत आणायची संधी कुणाला? टचडाउन खाल्लेल्याला. म्हणजे पस्तीसच्या पुढे बचाव कितीही फाटला तरी नुकसान शून्य, उलट दर खेपेला एक-सव्वा गुण घरात. चोरी झाल्यावर पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने आपल्यालाच चहापाणी द्यावं, तसला हा प्रकार. मी हा नियम केला होता. मला तो नोव्हेंबरातल्या एका सोमवारी रात्री कळला.

त्या आठवड्यात माझी गाठ 'घरच्या आहेरा'शी होती. घरातला करार असा, की हरेल त्याने आठवडाभर डिशवॉशरमध्ये न जाणारी भांडी घासायची. माझे खेळाडू संपले होते, मी ९७.७० वर. ती ९६.४०, आणि तिचा फक्त बचाव मैदानात. त्या बचावाने तोवर अडतीस गुण खाल्ले होते, उणे चार कधीच लागले होते. दोन मिनिटं राहिली असताना समोरच्यांनी आणखी एक टचडाउन केला. मी सोफ्यावरून उठून नाचलो.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता किक कोण मारणार?"

मी बसलो.

तिच्या संघाच्या पोराने चेंडू तिसऱ्या यार्डावर झेलला. डावीकडे गेला, एकाला चकवलं, सदतिसाव्यावर खाली आला. चौतीस यार्ड. गुणिले ०.०४. मोबाइलवर आकडा बदलला: ९७.७६. सहा शतांशांनी मी हरलो. सामना तिचा संघ वीसेक गुणांनी हरत होता आणि ती जिंकली होती. "मेथीचे देठ कुठे टाकू?" तिने विचारलं.

तरी आशा होती. सामन्याचे आकडे नंतर तपासले जातात, आणि एखादा यार्ड इकडचा तिकडे होतो. मी तो रिटर्न सतरा वेळा पाहिला. थांबवून, झूम करून, भाच्याला दाखवून. झेल तिसऱ्या यार्डावर नव्हताच! पाचव्यावर असला तर बत्तीस यार्ड, दोन यार्डांचे ०.०८ कमी, की मी जिंकलो. मंगळवारभर कुकर आणि कढई मी सिंकमध्ये भिजत ठेवली, 'निकाल प्रलंबित' म्हणून.

बुधवारी दुरुस्ती आली. झेल खरंच तिसऱ्या यार्डावर नव्हता. चौथ्यावर होता.

९७.७२. दोन शतांश.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा तो कानाखांद्यात धरून मी बाह्या वर सारलेल्या. "कसला आवाज येतोय रे?" तिने विचारलं. म्हटलं, कामात आहे. "असणारच," ती म्हणाली, "कमिशनरच्या मागे काय कमी व्याप असतात?" दुधाचं पातेलं तळाशी चांगलं लागलं होतं.