तुमचं विंडोज खरंच विंडोज आहे का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत संपली. तेव्हापासून लोक मला जीएसटीबद्दल कमी आणि याबद्दल जास्त विचारतात: आता अकरा टाकू, मॅक घेऊ, की ते लिनक्स म्हणतात ते बघू? मी कर सल्लागार आहे, संगणक हा काही माझा विषय नव्हे. पण ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टिम) आणि लेकीच्या टेबलावर मॅकबुक, असं तिन्हींशी रोजचं येणं-जाणं आहे. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात सुरक्षित कुठलं, सगळ्यात फास्ट कुठलं, यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. त्यातलं बरंचसं बरोबरही असतं. पण त्या व्हिडिओतलं विंडोज आणि आपल्या टेबलावरचं विंडोज यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. तिथलं कोरं, लायसन्सचं, नव्या एसएसडीवरचं (म्हणजे न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवरचं). आपलं म्हणजे असेंबल केलेल्या पीसीत दुकानदाराने 'टाकून दिलेलं', अपडेट बंद केलेलं, आठ-दहा वर्षांच्या हार्ड डिस्कवर रखडणारं. त्याची तुलना लाखभराच्या मॅकशी करायची आणि वर म्हणायचं, विंडोज किती स्लो आणि किती व्हायरस!

पटत नसेल तर आत्ता आपल्या पीसीवर बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्जवर क्लिक करा आणि तळापर्यंत खाली या. तिथे एक्सक्लूजन्स नावाची यादी आहे. म्हणजे डिफेंडरला, विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, सांगून ठेवलंय की या या जागी बघायचं नाही. साध्या घरगुती मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. मी क्लायंटांकडे ती उघडते तेव्हा तिथे ॲक्टिव्हेटरचा, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालवणाऱ्या क्रॅकचा, फोल्डर असतो. कुठे कुठे तर अख्खा सी ड्राइव्ह! घड्याळाशेजारी डिफेंडरची ढाल हिरवी टिक मिरवत असते, आणि आत त्याला सी ड्राइव्हकडे ढुंकून बघायची परवानगी नसते.

हे ॲक्टिव्हेटर काय करतात तेही सांगते. मोठ्या कंपन्यांत शेकडो मशीन्स कंपनीच्याच एका सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होतात आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. क्रॅक म्हणजे तुमच्याच पीसीत बसवलेला तसला खोटा सर्व्हर. मुदत संपत आली की तोच परत ॲक्टिव्हेट करतो, म्हणजे तो कायमचा आत मुक्कामाला. त्याला ॲडमिनचे पूर्ण अधिकार लागतात. डिफेंडर त्याला पकडतो, म्हणून आधी डिफेंडर बंद करायला सांगतात. वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या द्यायच्या, तसला हा प्रकार. त्या फाइलबरोबर आणखी काय आलंय हे ती देणाऱ्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्यानेही ती कुठल्यातरी टेलिग्राम चॅनलवरूनच घेतलेली असते.

आणि मग अपडेट. "मॅडम, अपडेट चालू केलं की क्रॅक उडतं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही. फक्त २०१७ सालची एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या धंद्याच्या फार जवळची आहे.

युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं आणि कर भरण्याचं सॉफ्टवेअर आहे. तिथल्या कंपन्यांत ते घरोघरी म्हणावं इतकं वापरात होतं. २७ जून २०१७ ला त्याच्याच अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा आडवी झाली आणि इकडे न्हावा-शेव्याला, आपल्या जेएनपीटीत, तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या ज्या फटीतून, तिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच फटीतून येऊन गेला होता, म्हणजे जगाला इशाराही मिळाला होता. नॉटपेट्याची खोड अशी की एका पॅच नसलेल्या मशीनमधून तो आत शिरला की तिथले ॲडमिनचे पासवर्ड चोरायचा आणि ते वापरून पॅच असलेल्या मशीन्समध्येही घुसायचा. पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात चार अद्ययावत आणि कोपऱ्यातला एक 'फक्त प्रिंटसाठी' ठेवलेला जुना असेल, तर त्या एकामुळे पाचही जाऊ शकतात. आपल्या लहान ऑफिसांत हा कोपऱ्यातला पीसी हमखास असतो.

मग प्रामाणिक विंडोज कसं आहे? चांगलं आहे. लायसन्स असलेलं विंडोज ११, अपडेट चालू, एक्सक्लूजन्स रिकामी, एवढं असेल तर घरात वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. फक्त रोजच्या कामाला ॲडमिनचं खातं वापरू नका. एक साधं स्टँडर्ड यूजर खातं काढा आणि त्यातच बसा. दुसरं म्हणजे नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बरेचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी होते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे फार चांगलं. पण त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा आकडा) त्या खात्यात असते, आणि खातं जर दुकानदाराने त्याच्या स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असेल तर एक दिवस स्वतःच्याच फोटोंसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागेल. खातं स्वतःचं काढा, की छापून ठेवा.

विंडोजचा मला राग येतो तो सुरक्षेवरून नाही, आगाऊपणावरून येतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने स्टार्ट मेन्यूत जाहिरात का दाखवावी? डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हमध्ये नेऊन ठेवायच्या, पाच जीबी भरले की पैसे मागायचे, हा कुठला न्याय? २०२४ च्या मे महिन्यात तर त्यांनी रिकॉल जाहीर केलं, म्हणजे स्क्रीनवर दिसेल त्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढून ठेवणारी सोय. ओरड झाली म्हणून मागे घेतलं आणि दुरुस्त्या करून वर्षभराने आणलंच. ते खास नव्या कोपायलट प्लस मशीन्सपुरतं आहे आणि आपण होऊन चालू करावं लागतं, हे मान्य. तरी लोकांची पॅनकार्डं आणि बँक स्टेटमेंटं दिवसभर माझ्या स्क्रीनवर असतात. अशी सोय मला फुकट दिली तरी नको.

मॅकबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्याला परवडतो त्याला सहसा पस्तावा होत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम-१ चिपपासून तर वेग आणि बॅटरी दोन्हीत तो पुढे गेला. पण 'मॅकला व्हायरस येत नाही' हे वाक्य आता बंद करा. २०१२ साली फ्लॅशबॅकने सहा लाखांच्या आसपास मॅक पछाडले होते. २०२३ पासून ॲटॉमिक स्टीलर नावाची पासवर्ड चोरणारी भानगड चालू आहे, आणि ती टेलिग्रामवर चक्क महिन्याच्या भाड्याने मिळत होती. शिवाय आजच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे घेतानाच पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार करावा लागतो. आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तात दिसतो म्हणून इंटेलवाला मॅक उचलू नका. २०२५ ला आलेलं टाहो हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं मॅकओएस, हे ॲपलनेच सांगितलंय.

आता लिनक्स. माझ्या घरच्या मशीनवर मिंट आहे आणि त्याची किंमत मला कळते ती पेनड्राइव्हमुळे. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की कधी कधी सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात. लोक घाबरून त्यावर क्लिक करतात आणि व्हायरस आत. तोच पेनड्राइव्ह मिंटला लावा. लपवलेले खरे फोल्डर जागच्या जागी दिसतात, शेजारी शॉर्टकटच्या फाइली आणि ती एक व्हीबीएस स्क्रिप्ट नुसत्या पडून असतात, कारण त्यांना इथे चालायला पायच नाहीत. हव्या त्या फाइली उचला, बाकी साफ करा. क्लायंटकडून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह मी आधी घरच्या मशीनवर बघते, मग ऑफिसला नेते.

म्हणून लिनक्स अभेद्य आहे असं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्याशा घटकात चोरदरवाजा सापडला. ज्याने तो घातला त्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला. मिंट, उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो पोचायच्या आतच पकडला गेला. कोड सगळ्यांना उघडा होता म्हणून हा माणूस मुळापर्यंत पोचू शकला. पण नेमक्या त्या वेळी कुणी त्या कोडकडे बघत होतं का, तर नव्हतं, हेही तितकंच खरं. (हा फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! लिनक्सवाल्या मित्रांना हे आठवण करून द्यायला मला फार आवडतं.)

वेगाचं गणित बहुतेक घरांत ऑपरेटिंग सिस्टिमपाशी अडत नाहीच. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. १०० टक्के लाल दाखवत असेल आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर मिंट टाकलं तरी सुधारणा थोडीच होईल. आधी एसएसडी टाका. पीसी पाच मिनिटांत सुरू होत होता तो अर्ध्या मिनिटात येतो. एसएसडी असूनही रॅम चारच जीबी असेल, तर मात्र विंडोज ११ आणि मिंट यांत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. त्यातही क्रोममध्ये वीस टॅब उघडून बसणार असाल तर देवही वाचवणार नाही, कुठल्याही सिस्टिमवर.

मग मी सगळ्यांना मिंटच टाकायला सांगते का? नाही. ज्याचं काम टॅलीवर चालतं त्याने विंडोजच ठेवावं. टॅली विंडोजसाठीच बनतं आणि तिथेच नीट चालतं. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) वगैरे लावून ते लिनक्सवर चालवणारे लोक आहेत, पण जीएसटीच्या विसाव्या तारखेला मला असले प्रयोग नकोत. आयकराची एक्सेलमधली युटिलिटी मॅक्रोवर चालते, तिला मायक्रोसॉफ्टचंच एक्सेल लागतं, लिब्रेऑफिस या फुकटच्या पर्यायात तिचा पार विचका होतो. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) डोंगलचे ड्रायव्हर लिनक्ससाठीही मिळतात, पण अडलं तर हेल्पलाइनवरचा मुलगा पहिलं वाक्य "विंडोजवर ट्राय करा" हेच बोलतो. लग्नपत्रिका छापणारे आमचे शेजारी अजून पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर आहेत, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्यांची श्रीलिपी (मराठी फाँट्सचं सॉफ्टवेअर), त्यांच्या बोटांत बसलेला कीबोर्ड, पंचवीस वर्षांचे जुने मसुदे, हे सगळं त्या एका पीसीत आहे. त्यांना मी एवढंच सांगितलं की या पीसीची इंटरनेटची वायर काढा आणि मेल फोनवर बघा. काढली त्यांनी.

उलट ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे, म्हणजे मेल, बँक, लाइट बिल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, मुलांचे ऑनलाइन क्लास, त्याचा जुना लॅपटॉप विंडोज ११ नाकारत असेल तर मिंटइतका चांगला मार्ग नाही. अकराला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे असे धडधाकट लॅपटॉप आपल्याकडे खंडीभर निघालेत. घरगुती विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट देऊ केले, पण नाव नोंदवलं तरच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि फुकट. मराठी टायपिंगची भीती घालू नका कुणी. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर तिन्ही सिस्टिमवर तोच कीबोर्ड आहे.

एका गोष्टीला मात्र या तिन्हींतलं कुठलंच पुरं पडत नाही. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणून एखादं पान उघडतं आणि सांगतं, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. कॉपी काय झालंय ते आपण बघत नाही आणि आपल्याच हाताने चोराचा आदेश चालवतो. मॅकवाल्यांना हेच टर्मिनलमध्ये करायला लावतात. फोनवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणत रिमोट ॲप (लांबून तुमचा पीसी चालवू देणारं) टाकायला सांगणाऱ्याला तुमचं विंडोज आहे की लिनक्स याने काडीचा फरक पडत नाही. टाकलंत की संपलं.

मिंट बघायचं असेल तर लगेच इन्स्टॉल करू नका. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच चालवा, डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मराठी उमटतंय का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतोय का, ते बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर सरळ चालतात, पण आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायचा म्हणजे डोक्याला ताप, कारण तो त्यांच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीने बोलतो. सगळं जमलं तर डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती उघडते का बघा आणि मगच पुढे जा. जुलै महिन्यात मात्र हा उद्योग कुणी काढू नका. निदान माझ्या क्लायंटांनी तरी.