कन्फ्यूशियसने मान तुकवायला शिकवलं नाही

‘चिनी माणूस सत्तेपुढे गप्प राहतो तो कन्फ्यूशियसमुळे. राजाने राजासारखं, प्रजेने प्रजेसारखं राहावं, वर बोलू नये, हीच त्याची शिकवण.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यात या प्राचीन चिनी विचारवंतावर उघड अन्याय आहे.

आधी ते ‘राजाने राजासारखं’. वाक्य खरं आहे, पण ते प्रजेला उद्देशून नाही. त्या काळच्या चीनमधल्या छी राज्याच्या राजाने चांगलं शासन म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा दिलेलं ते उत्तर आहे, आणि त्यात पहिली अट राजावर आहे. राजा राजासारखा वागला नाही तर पुढचं सगळंच ढासळतं.

‘वर बोलू नये’ हे तर सपशेल उलटं. राजाची सेवा कशी करावी, असं झिलू या शिष्याने विचारलं. कन्फ्यूशियस म्हणाला, त्याला फसवू नकोस, पण गरज पडली तर तोंडावर विरोध कर. लू या दुसऱ्या राज्याच्या राजाने विचारलं, एका वाक्याने राज्य बुडू शकतं का? कन्फ्यूशियसचं उत्तर असं: ‘माझ्या शब्दाला कोणी विरोध करत नाही, हाच राज्य करण्यातला आनंद’ असं राजाला वाटत असेल आणि त्याचा शब्द चुकीचा असेल, तर राज्य बुडायला ते जवळजवळ पुरेसं आहे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आसपास, राजाच्या समोर बसून हे बोलायला छाती लागते.

कडक शिक्षा हा त्याचा मार्ग होता, असंही त्या मजकुरात पुढे येतं. लू राज्यात खरी सत्ता हाती असलेला जी कांग्झी चोरांचा बंदोबस्त कसा करावा हे विचारायला आला होता. त्याला ऐकावं लागलं, ‘तुम्हालाच हाव नसती, तर बक्षीस लावूनही लोकांनी चोरी केली नसती.’ नुसत्या कायद्याने आणि दंडाने लोक पळवाटा शोधतात, त्यांना लाज वाटेनाशी होते, हे त्याचं ठाम मत. याच जी घराण्यासाठी रान चिउ या स्वतःच्या शिष्याने प्रजेकडून जादा कर उकळला, तेव्हा ‘तो माझा शिष्य नाही, नगारे वाजवून त्याच्यावर तुटून पडा’ असं त्याने इतर शिष्यांना सांगितलं. शिक्षेची धार हवी म्हणणारा विचार नंतरच्या हान फेईसारख्या कायदावादी विचारवंतांचा. चिन घराण्याच्या पहिल्या सम्राटाने तोच उचलला आणि इ.स.पू. २१३ मध्ये कन्फ्यूशियसपंथीयांचे ग्रंथ जाळायला लावले.

एक मात्र मान्य करायला हवं. प्रजेने राज्यकर्ता बदलावा कसा, याची कोणतीही व्यवस्था त्याने सुचवली नाही. सगळा भार शासकाच्या चारित्र्यावर टाकला, ही मोठी उणीव आहे. राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको यांची करकचून बांधलेली उतरंडही त्याच्या नावावर खपते, पण तिला ते रूप काही शतकांनंतर, हान घराण्याच्या काळात मिळालं, त्याच्या वचनांत ती तशी नाही.

सम्राटांना मात्र ही शिकवण निरुपद्रवी वाटत नव्हती. कन्फ्यूशियसचा वारसा सांगणाऱ्या मेन्शियसने जुलमी राजाला मारणं हा राजवध नव्हे असं म्हटलं होतं, शिवाय प्रजा सर्वांत मोलाची, राजा सर्वांत कमी असंही. चीनच्या मिंग घराण्याच्या संस्थापकाने १३९४ मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातले असे ८५ उतारे कापायला लावले.