१४ तारखेचं विमान, १३ तारखेची खोली

नाशिकच्या अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर सहसा पाणीकपात, कांद्याचा भाव आणि कुणाची बदली कुठे झाली यापलीकडे विषय जात नाही. परवा मात्र सुन्या तोंड पाडूनच आला. त्याच्या बहिणीला जर्मनीत, मानहाइमला, मुलगी झालीय. सुन्याचे आई-वडील, म्हणजे आमचे अण्णा आणि काकू, बाळंतिणीकडे निघालेत. १४ नोव्हेंबर, पहाटे २:५०, मुंबई ते फ्रँकफर्ट. अण्णा ७६ चे, दोन्ही गुडघे गेलेले. काकूंना बीपी. दोघांचाही हा पहिलाच परदेश.

बहिणीने तिकडून फर्मान सोडलं होतं की विमानतळाजवळ हॉटेल घे आणि दुपारीच जाऊन पडू दे त्यांना. सुन्याला ते पटत नव्हतं.

"सहा हजार चारशे दाखवतंय. रात्री अकराला तर उठवायचं. म्हणजे तासाला हजार रुपये पडले गादीचे!"

"वर जीएसटी," बँकवाले काका म्हणाले. "पण पाचच टक्के हं. सप्टेंबर २०२५ च्या आधी बारा होता. साडेसात हजारांच्या वरची खोली घेतलीस तर मात्र अठरा." काकांना हॉटेलशी काही देणंघेणं नव्हतं. आकडा माहीत असला की त्यांना गप्प बसवत नाही, एवढंच.

केदार सुन्याच्या बाजूने. तो आयटीतला, महिन्यातून दोनदा विमानात. त्याचा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला होता. "सकाळी सहा-सातचं विमान असेल तर हॉटेल घ्यावं. रात्री दहाला पडलास, तीनला उठलास, पाच तास खरी झोप. पावणेतीनच्या विमानाला हॉटेल म्हणजे घड्याळाकडे बघत लोळणं. तेवढंच लोळायचं तर नाशकात घरी लोळा, संध्याकाळी सातला निघा, साडेअकराला टर्मिनलवर."

"पण ही विमानं कायम अशी भुताच्या वेळेलाच का असतात?" काकांनी मध्येच फाटा फोडला.

केदारला तेच हवं होतं. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरू देत नाहीत, आसपासच्या लोकांच्या झोपेसाठी, २०११ पासून. इथून नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास, हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे. पावणेतीनला निघालं की तिकडे सकाळी साडेसात-आठ. मग तिथून युरोपभर जाणाऱ्यांना पुढची विमानं दिवसभर मिळतात. "म्हणजे त्यांची झोप राखायची म्हणून आपली मोडायची," काका म्हणाले आणि चहात पारले बुडवलं.

मंग्या इतका वेळ गप्प होता. मंग्याची स्वतःची गाडी आहे, एअरपोर्टच्या फेऱ्या हेच त्याचं पोट. अण्णांना न्यायचं काम त्याच्याचकडे. रात्रीची सरळ फेरी त्याला सोपी, त्यामुळे तोही केदारचीच री ओढणार असं आम्ही धरून चाललो होतो.

"सातला निघायचं असेल तर दुसरी गाडी बघ," मंग्या म्हणाला.

"का रे बाबा?"

"समृद्धी महामार्ग झाला म्हणून सगळे खुशीत आहेत. खरंय, जून २०२५ ला शेवटचा तुकडा सुरू झाला तसा कसारा घाट सुटला. इगतपुरीला चढलो, तो पावणेआठ किलोमीटरचा बोगदा काढला, की ७६ किलोमीटर कसे गेले कळत नाही. पण समृद्धी संपते कुठे? आमण्याला. भिवंडीच्या दारात! पुढे वडपे, मानकोली, खारेगाव, माजिवडा. सातशे किलोमीटरची सगळी गंगा येऊन त्या एका चिंचोळ्या तोंडात ओततात. त्या पंचवीसेक किलोमीटरला मला कधी पाऊण तास लागलाय, कधी अडीच."

"अडीच तास धरून निघू की मग."

"धरून निघशील रे. त्यात रात्री ठाण्याकडे अवजड गाड्या सोडतात. गोदामांतले सगळे कंटेनर त्याच वेळी बाहेर. एक जरी बंद पडला ना, तर मागे काकू बसलेल्या, बीपीच्या, घड्याळ बघत, आणि बाजूला ना संडास ना टपरी. दुपारी बाराला निघालो आणि तिथे दोन तास अडकलो तर काय होईल? काही नाही. हॉटेलात चारच्या ऐवजी सहाला पोचू. रात्री तेच दोन तास गेले तर काउंटर बंद व्हायला आलेलं. तास आधी बंद करतात, मी बाहेर उभं राहून रडणारी माणसं पाहिलीत."

केदार म्हणाला, "तू फारच भीती घालतोस." पण आवाज खाली आला होता.

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हाच खरा मुद्दा होता. खोली झोपेसाठी घ्यायचीच नसते. भिवंडी रात्रीऐवजी दिवसा पार व्हावी, त्याचे ते पैसे. पण हे मी तेव्हा इतक्या शहाणपणाने बोललो नाही. मी म्हणालो, "मंग्या बरोबर बोलतोय," आणि सुन्या माझ्यावर खेकसला, "तुझं काय जातंय?"

मग फाटे फुटले. ट्रेनने जाऊ, तपोवन पकडू, ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिकडे लाइन बदलली की पुढचंच स्टेशन टी-टू, आंतरराष्ट्रीय विमानांचं टर्मिनल. नकाशावर झकास. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात डिंकाचे लाडू, आणि अण्णांचे गुडघे घेऊन ठाण्याच्या पुलावर कोण चढणार, या प्रश्नावर तो विषय आपोआप मेला. मग मुलुंडची मावशी निघाली. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिवाय मावशीकडे गेलं की दुपारी चारला श्रीखंड-पुरी आणि रात्री नऊला परत जेवण. अण्णांचं पोट विमानात काय करेल ते सांगता येत नाही.

तेवढ्यात रूपाली आली, स्कूटर लावून. रूपाली आता इथे गंगापूर रोडला असते, पण चार वर्षं मरोळच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कला होती. सुन्याने मोबाईल तिच्यासमोर धरला.

"हे कुठलं दाखवतोयस? 'विमानतळापासून दीड किलोमीटर'? अरे हे पार्ल्यात, टी-वनजवळ आहे. तुमचं विमान टी-टूवरून. मध्ये अख्खा विमानतळ आडवा पसरलाय, हायवेवरून वळसा घालून जावं लागतं. हे अंतर कावळ्याचं आहे, सरळ उडत गेल्याचं. मरोळ, चकाला, जे. बी. नगर, सहार रोड, एवढ्यातच बघ. आणि नावात एअरपोर्ट आहे म्हणून भुलू नकोस, साकीनाक्यापर्यंत सगळ्यांच्या नावात एअरपोर्ट असतं."

"अर्ध्या दिवसाची मिळते ना गं? निम्म्या पैशांत?"

"मिळते, पण बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहा-सातपर्यंतच. नंतर ती खोली त्यांना रात्रीच्या गिऱ्हाइकाला विकायची असते. तुम्हाला अकरापर्यंत हवी म्हणजे पूर्ण रात्रीचेच पैसे. चेक-इन दोनला, त्याआधी पोचलात तर लॉबीत बसवतील. खालच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली माग. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का ते फोन करून विचार, फोटोत दिसत नाही. आणि व्हीलचेअर एअरलाइनकडे आत्ताच सांगून ठेव, दोघांसाठी. गेटवर सीआयएसएफवाला तुला आत सोडणार नाही, तिकीट त्यांचंच आहे. तिथून पुढे व्हीलचेअरवाला पोरगाच तुझ्या जागी."

हे ऐकून सुन्या जरा गंभीर झाला. आपण आत जाणार नाही हे त्याच्या डोक्यात तोवर आलंच नसावं.

त्याने बुकिंग उघडलं. तारीख निवडायला लागला, १४ नोव्हेंबर. मी त्याच्या हातातून मोबाईल ओढून घेतला.

कारण हे मी स्वतः करून बसलोय. रात्री १:४० चं विमान होतं, तिकिटावर नऊ तारीख, म्हणून मी खोलीही नऊ तारखेची घेतली. आठ तारखेच्या संध्याकाळी बॅग ओढत पोचलो. काउंटरवरची मुलगी बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, आपलं बुकिंग उद्याचं आहे." उद्या त्या वेळी मी दुसऱ्या देशात असणार होतो. नव्याने खोली घेतली, जुने पैसे गेले. बायकोला आजही खरा आकडा माहीत नाही.

"तेरा टाक, तेरा," मी म्हणालो. "पासपोर्टसारखं जपून टाक."

सुन्याने खोली शोधून ठेवली आणि घरी फोन लावला, स्पीकरवर. अण्णांना सगळं सांगितलं. दुपारी बाराला निघायचं, खोलीत आराम, अकराला टर्मिनल. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा. सुन्याने हजार कमी करून सांगितले. दुसरा, कमोड आहे का. आहे. मग जरा थांबून तिसरा.

"आणि मंगेश? तो कुठे थांबणार?"

कट्ट्यावर कुणी काही बोलेना. तासभर आम्ही अण्णांच्या झोपेचे रुपये मोजत होतो.

"मी गाडीत टेकतो, अण्णा," मंग्या मोबाईलजवळ वाकून म्हणाला. "सवय आहे. सीट मागे टाकायची, काच बोटभर खाली, डॅशबोर्डवर डासांसाठी कछुआ लावायची. तुम्हाला सोडलं की मी आणि सुन्या परत निघू, पहाटे चारपर्यंत घरी."

"दिवसभर जागून रात्री गाडी हाकणार? ते काही नाही. सुनील, दोन खोल्या घे."

सुन्याने डोक्याला हात लावला. रूपाली हसायला लागली. "अहो अण्णा, दोन कशाला? तुम्ही अकराला निघालात तरी ती खोली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमचीच असते. पैसे पूर्ण रात्रीचे भरलेत ना. चौघांची नावं आणि आधार आधीच कळवून ठेवा, हवं तर जास्तीच्या माणसाचे थोडे घेतील. तुम्हाला सोडून आले की हे दोघं तिथेच झोपतील, सकाळी चहा पिऊन निघतील."

काकांनी लगेच हिशोब मांडला, चार माणसं, वीस तास, तासाला माणशी ऐंशी रुपये. केदार म्हणाला, असं असेल तर ठीक आहे. सुन्याने बुकिंगवर बोट दाबलं.

फक्त मंग्याचा चेहरा उतरला. "गाडीतच बरं होतं रे," तो मला हळूच म्हणाला. "सुन्या घोरतो."